‘लिहायला बसा’चं प्रकाशन

विद्याधर टिपणीसांच्या पुस्तकाचं सगळ्यात आधी काय तयार झालं असेल, तर ते प्रकाशनाचं निमंत्रण. पुस्तक मागाहून लिहायचं ठरलं होतं.

याला त्यांच्याकडे बिनतोड कारण होतं. बोरिवली पश्चिमेला एसी चालणारा आणि लिफ्ट असलेला हॉल रविवारच्या संध्याकाळी मिळवायचा म्हणजे सहा महिने आधी नाव घालावं लागतं. लग्नं, मुंजी, कुणाची साठी, कुणाची पंचाहत्तरी, त्यात साहित्याला कोण विचारतो! जूनमध्ये एका वधूपक्षाने तारीख सोडली आणि हॉलचा मॅनेजर दत्ताराम याने फोन केला. "सर, चौदा डिसेंबर मोकळी झालीय. घेताय का सोडू?" टिपणीसांनी घेतली. पुस्तकाचं काय, सहा महिने हातात होते. सहा महिन्यांत माणसं इमारती उभ्या करतात.

शिवाय दर शनिवारी ते दुसऱ्यांना हेच सांगत आले होते. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये टेबल टेनिसच्या टेबलाभोवती खुर्च्या मांडून ते नऊ वर्षं लेखन मार्गदर्शनाचा वर्ग चालवत होते. एका विमा कंपनीच्या प्रसिद्धी खात्यातून ते निवृत्त झाले होते, आणि तरुणपणी त्यांच्या दोन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या. त्या दोन कथांवर त्यांनी आजवर दोनशेच्या वर माणसांना लेखक व्हायला उत्तेजन दिलं होतं. पहाटे पाचला उठून तीन पानं लिहा, असं ते सांगत. स्वतः साडेसातला उठत. विशेषणं निर्दयपणे कापा, असं ते अत्यंत कळकळीच्या, ओघवत्या आणि रसाळ भाषेत सांगत. आणि शेवटी, वही मिटता मिटता, सगळ्यात मोठा मंत्र देत. आपलं ध्येय चारचौघांत जाहीर करा, तारीख ठरवा, माघारी फिरायची वाट बंद करून टाका. हा मंत्र त्यांनी स्वतःवर पहिल्यांदाच वापरून पाहिला होता.

पुस्तकाचं नाव ठरलं ‘लिहायला बसा’. नवोदितांसाठी मार्गदर्शन आणि प्रोत्साहन. वर्गातली गंधाली, अंधेरीला एका कंपनीत नोकरी करणारी आणि उरलेल्या वेळात लेखनाविषयी रील्स करणारी मुलगी, तिने त्याच आठवड्यात पोस्टर करून सगळीकडे टाकलं. पोस्टरवर टिपणीस हनुवटीला पेन लावून खिडकीबाहेर बघत होते. शंभराच्या वर बदाम पडले. टिपणीसांना इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी त्यांनी लिहायला सुट्टी घेतली.

मग अर्पणपत्रिका लिहायला घेतली. आईला अर्पण करावं की बायकोला, यात नऊ दिवस गेले. नंतर अनुक्रमणिका झाली, बारा प्रकरणांची, एकाहून एक झकास नावांची. खुर्चीने पाठ धरली म्हणून नवीन खुर्ची आली. शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली होती, तिथे दिवसभर ड्रिल चाले, म्हणून टेबल बेडरूममध्ये गेलं. तिथे उजेड डावीकडून येईना. ऑगस्टअखेर टिपणीसांनी पहिलं वाक्य लिहिलं, ‘लेखन म्हणजे नेमकं काय?’, आणि त्याचं उत्तर काही केल्या सुचेना.

"तू शनिवारी दोन दोन तास बोलतोस, तेच उतरवून काढ की," शुभा म्हणाली. शुभा त्यांची बायको. दोघं कॉलेजात एका बाकावर बसलेली, त्यामुळे अहो-जाहो कधी झालंच नाही. ती तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती आणि उत्तर येत नसेल तर पायऱ्या तपासायची सवय तिला अजून होती.

कल्पना चांगली होती. वर्गातल्या मुकुलने पुढच्या शनिवारचं सगळं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि कुठल्याशा ॲपमधून त्याची एकवीस पानं काढून आणली. टिपणीस लाल पेन घेऊन हौसेने बसले. ‘म्हणजे बघा’ काढलं. ‘लक्षात आलं का’ काढलं. आपल्या दोन कथा कशा छापून आल्या ती हकिगत तीनदा होती, ती दोनदा काढली. चहा कुणी कुणी घेतला नाही, ते काढलं. शेवटी दीड पान उरलं. त्या दीड पानात पहाटे पाचला उठायचं होतं.

नऊ वर्षं आपण काय बोललो, हा प्रश्न फार वाईट होता, म्हणून टिपणीसांनी तो स्वतःला विचारला नाही. ते प्रस्तावनेच्या मागे लागले.

प्रस्तावना मुलुंडच्या बाळ कोतवालांची घ्यायची होती. कोतवाल एक्याऐंशी वर्षांचे, ज्येष्ठ साहित्यिक. गेल्या वीस वर्षांत त्यांनी प्रस्तावनांखेरीज काही लिहिलं नव्हतं, पण त्या मात्र ढिगाने लिहिल्या होत्या. "हस्तलिखित वगैरे पाठवू नका हो, डोळे थकलेत," ते फोनवर म्हणाले. "विषय काय, तेवढं सांगा." टिपणीसांनी बारा मिनिटं सांगितलं. आठ दिवसांत अकरा छापील पानांची प्रस्तावना घरपोच आली. तिच्यात म्हटलं होतं, की तिसऱ्या प्रकरणात टिपणीसांची लेखणी विशेष खुलली आहे.

ते वाचून टिपणीसांना गहिवरून आलं. नोव्हेंबरभर त्यांनी तिसरं प्रकरण लिहायचा प्रयत्न केला. कोतवालांच्या शब्दाला जागायचं म्हणजे ते खुललेलंच हवं होतं, आणि साधंसुद्धा होत नव्हतं. दुपारी दोन वाजले की ते टेबलाशी बसत, चार वाजता उठत. शुभा कागदावर नजर टाकी आणि काही न बोलता चहा ठेवी. ती बोलली असती तर परवडलं असतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अंधेरीच्या गाळ्यातून छापखानेवाल्या राजेशचा फोन आला. "सर, मॅटर?"

"होतंय. शेवटचा हात फिरवतोय."

"सर, मी बावीस वर्षं या लाइनीत आहे. हात फिरवतोय म्हणजे मला समजतं," राजेश म्हणाला. "आता दिलंत तरी चौदा तारखेला पुस्तक हातात येत नाही. टेन्शन नका घेऊ. पाच डमी करून देतो. कव्हर ओरिजिनल, आत कोरी पानं. स्टेजवर फोटो एकदम चकाचक येतो. प्रस्तावना आलीय ना माझ्याकडे, ती छापून टाकतो पुढे, म्हणजे कुणी उघडलंच तर बरं दिसेल."

"आणि कुणी पुढचं पान उलटलं तर?"

राजेश हसला. "सर, स्टेजवर कोण उलटतं?"

टिपणीसांना हसू आलं नाही. निमंत्रणं गेली होती. त्यांचे विमा कंपनीतले जुने साहेब येणार होते, शुभाच्या शाळेतल्या बाया येणार होत्या, आजी-माजी विद्यार्थी तर सगळेच. त्यातल्या एकाने जरी पान उलटलं असतं, तर टिपणीस लेखक नाहीत हे भर हॉलमध्ये उघड झालं असतं, आणि मग शनिवारी कोणत्या तोंडाने जायचं? पण हॉल रद्द केला तर ते न उलटताही उघड होणार होतं. "करा पाच," ते म्हणाले.

चौदा तारखेला ‘लिहायला बसा’चं प्रकाशन थाटात झालं. सोनेरी कागदात गुंडाळलेल्या पाच प्रती गंधालीने तबकात आणल्या. लाल फीत सुटली, पाच मान्यवरांनी पाच पुस्तकं छातीशी धरली आणि फोटोग्राफर म्हणेपर्यंत तशीच धरून ठेवली. पाचवी मान्यवर म्हणून आयत्या वेळी वर्गातल्या मालन परब यांना वर ओढलं होतं, कारण बोलावलेला एक नगरसेवक आला नव्हता आणि फोटोत डावी बाजू रिकामी दिसत होती.

मग कोतवाल बोलायला उभे राहिले. त्यांनी पुस्तक उघडलं. कोतवालांनी चष्मा सारखा केला, पहिल्या पानावर आपली प्रस्तावना पाहिली, त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी ती वाचायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं वाचली. स्वतःच्या शेवटच्या ओळीपाशी थांबले, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "याहून अधिक काय सांगणार? बाकीचं आपण प्रत्यक्षच वाचा."

त्यांच्यानंतर सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश उठले. हे पुस्तक आपण एका बैठकीत वाचून संपवलं, असं त्यांनी सांगितलं. ते खोटंही म्हणता येत नव्हतं. विक्रीच्या प्रती घेऊन येणारा टेम्पो हायवेवर अडकला आहे असं टिपणीसांनी सांगितल्यावरून गंधालीने जाहीर केलं. रविवारी संध्याकाळी हायवेवर टेम्पो अडकला यावर अविश्वास दाखवायची कुणाची छाती झाली नाही. लोकांनी नावं नोंदवली, वडे खाल्ले आणि ते घरी गेले.

टिपणीसांनी डमी पिशवीत भरल्या. चारच भरल्या. पुन्हा मोजल्या, खुर्च्यांखाली वाकून पाहिलं, दत्तारामला कचऱ्याचा डबा उलटा करायला लावला. पाचवी नव्हती.

त्यानंतरचे तीन महिने त्यांची पाचावर धारण बसली होती. कोतवालांकडे तब्येतीची चौकशी करायला म्हणून फोन केला, तर ते म्हणाले, पुस्तक काय सुंदर झालंय हो. मुकुल वर्गात जरा जास्तच गालात हसतो असं वाटलं, तर त्याची दाढ काढली होती. आणि दुसऱ्या बाजूने कौतुकाचा नुसता पूर! पुस्तक अजून कुणाच्या हातात नव्हतं, तरी कव्हरचा फोटो टाकून लोक लिहीत होते, ‘प्रत्येक लेखकाच्या उशाशी हवं असं पुस्तक’. कांदिवलीच्या एका वाचक मंडळाने त्यांना शाल दिली. नवीन तुकडीला अठ्ठावीस नावं आली आणि ‘माझ्या पुस्तकाची जन्मकथा’ या विषयावर टिपणीस सलग दोन शनिवार बोलले. हळूहळू त्यांना स्वतःलाच पुस्तक आठवू लागलं. तिसरं प्रकरण खरंच बरं उतरलंय, असं एका संध्याकाळी त्यांच्या मनात येऊन गेलं. लिहायचा प्रश्न आता राहिलाच नव्हता. शाल अंगावर पडल्यावर कोण मरायला लिहितो!

फक्त ती पाचवी प्रत कुठेतरी होती.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी बेल वाजली. दारात मालन परब. हातातल्या कापडी पिशवीतून एक कोपरा वर आला होता आणि त्या कोपऱ्यावर टिपणीसांचा हनुवटीला पेन लावलेला अर्धा चेहरा होता.

टिपणीसांनी आधी जिन्यात कुणी नाही ना ते पाहिलं आणि त्यांना घाईघाईने आत घेतलं.

मालन दहिसरला नदीजवळच्या चाळीत राहायच्या. माणसं मूळची मालवणकडची, सासरा गिरणीत होता. त्यांनी स्वतः एका सरकारी इस्पितळाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात एकतीस वर्षं आया म्हणून काम केलं होतं. दोन वर्षं त्या वर्गात दारापाशी बसत आणि मधेच कुणाला वाट द्यायला उठत. दोनदा त्यांनी काही वाचून दाखवलं होतं. टिपणीस दोन्ही वेळा म्हणाले होते, "मालनताई, अनुभव दांडगा आहे, पण त्याला साहित्याचं रूप यायला हवं. तुम्ही आणखी दोन वर्षं नुसतं वाचन करा." डिसेंबरपासून त्या आल्याच नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर हे टिपणीसांच्या लक्षातही आलं नव्हतं.

"सर, रागावू नका हां," मालन सोफ्याच्या कडेला टेकत म्हणाल्या. "त्या दिवशी ही मी घरी नेली. माझ्या हातात दिली, म्हटलं मलाच दिली."

"नाही, म्हणजे, त्याचं असं झालं मालनताई..."

"पण काय छान काढलीत ओ! आम्ही समजत होतो सर पुस्तक लिवतायत. घरी जाऊन उघडली, ती प्रस्तावना वाचली, काय कळली नाय. पान परतला, तर पुढे सगळी कोरी. मी आधी गपच झाले. मग कव्हर परत वाचला, लिहायला बसा. म्हटलं, बरोबर! सरांनी वही दिलीय. दोन वर्षं तुमी बोलत होता, तेवढ्यात पहिल्यांदा कायतरी कामाचा दिलात."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. शुभा ऐकत होती.

वाचलो, एवढंच टिपणीसांच्या मनात आलं. मालननी वही त्यांच्या हातात ठेवली आणि त्यांनी ती उघडली. प्रस्तावनेची अकरा पानं संपली आणि निळ्या बॉलपेनातली, रेघ नसल्याने जरा उताराला लागलेली ओळ सुरू झाली. पुढची सगळी पानं भरलेली होती, अगदी शेवटच्या पानाच्या तळापर्यंत.

‘बाई कळा देताना कुणाला शिव्या देते ते ऐकलं की तिच्या घरचं सगळं कळतं. नवऱ्याला दिल्या तर काळजी नाही. आईला हाक मारली तर आपण जवळ उभं राहायचं. काहीच बोलली नाही तर धावत जाऊन डॉक्टरला उठवायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी एक बाई काहीच बोलली नव्हती.’

टिपणीसांनी पान उलटलं. मग आणखी एक. विशेषण एकही नव्हतं. कुठे ‘म्हणजे बघा’ नव्हतं. चहा समोर येऊन गार झाला. चाळीस पानांवर त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि त्यातलं वाचलेल्याचं किती आणि स्वतःचं किती, ते त्यांना वेगळं करता येत नव्हतं.

"हे कधी लिहिलंत?"

"ओट्यापाशी उभी राहून. बसले की कोणतरी हाक मारता. कुकर लावायचा, तो होईपर्यंत लिवायचा. नातीला सांगताना जिथे ती फोन ठेवायची ना, तेवढाच लिवला. बाकीचा सोडला."

असला सल्ला टिपणीसांच्या वहीत कुठेच नव्हता. पण नऊ वर्षांची सवय अशी एका सकाळी जात नाही. त्यांचा आवाज शनिवारचा झाला. "मालनताई, हे छापायला हवं. थोडे संस्कार करावे लागतील, ते मी करीन. आणि सोपं आहे बघा, कव्हर तयारच आहे. प्रस्तावनाही आहे. ‘लिहायला बसा’, विद्याधर टिपणीस यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि खाली तुमचं नाव. लोकांनी नावंही नोंदवलीत. लोक वाट बघतायत."

बोलता बोलता त्यांना ते खरोखर योग्य वाटू लागलं. स्वयंपाकघराच्या दारात शुभा येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

मालन जरा अवघडल्या. "सर, मी त्याचसाठी आलेय. जुन्या वॉर्डात वाचायला नेली होती. सिस्टर वाचतायत, आया वाचतायत, एकीने पान फाडता फाडता वाचवला, इतकी ओढाओढ. पण जी ती पयला हेच इचारता, हो विद्याधर कोण? लेबर वॉर्डात बाप्या खयसून इलो?"

शुभा हसली. मोठ्याने.

"तर म्हटलं सरांनाच सांगू. मी घरी काढायला गेले असते, पण पानं सुटली तर? तुमाला पुस्तकांचा समजता. आतला माझा आहे, वरचा तेवढा काढून द्या."

शुभाने ड्रॉवरमधून कटर आणून टिपणीसांसमोर ठेवला आणि खाली रद्दीचा पेपर पसरला. त्यांनी वही पालथी घातली. डिंक पक्का होता, राजेश कामाला वाईट नव्हता. कण्याच्या बाजूने पातं हळूहळू फिरवत त्यांनी आपला चेहरा सोडवला, मग आपलं नाव. एकही पान सुटू दिलं नाही. इतक्या मन लावून त्यांनी या पुस्तकाचं दुसरं कुठलंच काम केलं नव्हतं.

"आणि ही प्रस्तावना?" त्यांनी विचारलं.

"ती पण काढा. तिच्यात माझा काय नाय."

अकरा पानं निघाली. शुभाने शाळेतल्यासारखा खाकी कागद घातला, कडा दुमडल्या आणि वर काही न लिहिता वही मालनच्या हातात दिली. मालननी ती पिशवीत टाकली, पिशवी छातीशी धरली. टिपणीसांच्या मांडीवर एक कव्हर आणि अकरा पानं राहिली. त्यांचं पुस्तक एवढंच होतं, आणि त्यातलीही अकरा पानं कोतवालांची होती. लाज वाटली. बऱ्याच वर्षांनी, नीट, कुणाला दाखवायची नसलेली लाज.

मालन लिफ्टपाशी गेल्या. लिफ्ट आली, तिचं दार उघडलं, तरी त्या परत फिरल्या. सरांचा चेहरा त्यांनी पाहिला असणार. एकतीस वर्षं वॉर्डात त्यांनी दुसऱ्यांना हेच सांगितलं होतं, तेवढ्याच सहजपणे त्या म्हणाल्या,

"सर, घाबरू नका. तुमी पण लिवा. जमतला तुमका."